चव्हाट्यावरचं यंत्र, मुठीतलं यंत्र

(सातारा येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मी सांगलीचा. तसे आपण एकाच घरचे. १९४९ साली संस्थानं विलीन झाल्यावर या मुलखाचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन वाटे झाले. १९६० साली थोरल्यानं घराचं नाव स्वतःकडे ठेवलं आणि आम्ही सांगली म्हणून वेगळी चूल मांडली. गाड्यांच्या नंबरात मात्र आम्ही दहा आणि तुम्ही अकरा. एवढ्या एकाच ठिकाणी धाकटा पुढे आहे, तेवढं सोसा.

ज्या मास्तरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमता, ते मला शिकवायला नव्हते. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट ऐकून आहे. वर्गातल्या फळ्यावर त्यांचं काही चुकलं आणि पोरानं दाखवून दिलं, तर ते खडू त्या पोराच्या हातात द्यायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मला परत यायचं आहे.

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘तंत्रज्ञान आणि समाज’. मी म्हटलं, एवढं मोठं मला झेपणार नाही. मी प्राध्यापक नाही. मारुती चौकाजवळ माझं दुकान आहे. २००१ साली सहा कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला. तासाला तीस रुपये घ्यायचो, आणि मोडेमचा तो किर्रर्र आवाज आला की गिऱ्हाईक खूश व्हायचं. पुढे लोकांच्या खिशातच इंटरनेट आलं आणि कॅफे बसला. आता फॉर्म भरून देणं, प्रिंट काढणं, मोबाईलला काच लावणं आणि ‘काका, हे असं का येतंय?’ या प्रश्नाला उत्तर देणं, हा धंदा. यंत्रांचं वेड मला लहानपणापासून. बाजारात नवीन काही आलं की आधी उघडून बघायचं, मग वापरायचं. तेव्हा आज मी त्रासाबद्दल बोलणार आहे. रोज वापरायच्या वस्तू आपल्याला जो बारीकसारीक ताप देतात, त्याबद्दल. सभेच्या सुरुवातीला आपण सगळ्यांनी फोन बंद केले म्हणून सांगण्यात आलं. त्यावर माझा विश्वास नाही, पण असू दे.

या दोन जिल्ह्यांत यंत्रं काही आज आलेली नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं ते १८८८ साली. म्हणजे तेही आधी माझ्यासारखे दुकानदारच. मग कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केला. तो नांगर कुणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. ज्याला पुढे महाराष्ट्र ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून ओळखू लागला, त्याचा जन्म कारखान्याची बातमी गिऱ्हाइकापर्यंत नेण्यातून झाला.

इकडे कराडजवळ ओगलेवाडीला, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील आपल्यापैकी पांढऱ्या केसांच्या सगळ्यांनी पुसलेला आहे. आणि तुमच्या साताऱ्यात १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स आली, तिची ‘प्रिया’. माझ्या वडिलांकडे होती. सकाळी ती सुरू व्हायची नाही. मग तिला डाव्या अंगाला तिरकी करायची, जशी म्हैस कूस बदलते तशी, क्षणभर थांबायचं, सरळ करायची आणि किक मारायची. आजकाल कुठलंही यंत्र अडलं की आम्ही दुकानदार सांगतो, ‘बंद करून परत चालू करा.’ त्या शास्त्राचा पहिला धडा मी त्या प्रियावर घेतला.

आता मी ‘गेले ते दिवस’ म्हणणार, असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेनं घासायची पाळी माझ्या बहिणीवर असायची. एकदा तडकलेल्या काचेनं तिचा तळवा कापला, तो व्रण अजून आहे. घरात वीज आली त्या रात्री कंदिलासाठी कुणी रडलं नाही. प्रिया तर पावसाळ्यात भर रस्त्यात रुसायची. पण एक होतं. स्कूटर रुसली की रस्त्यावर रुसायची, सगळ्यांसमोर. चार माणसं जमायची, त्यातला एक म्हणायचा प्लग काढा, दुसरा म्हणायचा कार्बोरेटर. बिघाड चारचौघांचा होता, आणि दुरुस्त करणारा माणूस पुढच्या कोपऱ्यावर बसलेला होता. त्याला शिव्या देता यायच्या. ही सोय आपण कधी मोजलीच नाही.

माझ्या दुकानात आता जे दिसतं ते सांगतो. खेड्यातून एक मावशी येतात, साठीच्या पुढच्या. कसल्याशा योजनेचा फॉर्म भरायचा असतो. आधार आहे, पासबुक आहे, फोटो आहे, सगळं पिशवीत नीट गुंडाळलेलं. फोटो वीस ते पन्नास केबीच्या आत हवा, सही दहा ते वीसच्या आत. मावशींचा अंगठा किती केबीचा, ते मी ठरवतो. सगळं भरून होतं आणि ओटीपीवर गाडी येऊन थांबते. मोबाईल नंबर मुलाचा जोडलेला. मुलगा हिंजवडीत. मी त्याला फोन लावतो, तो मीटिंगमध्ये. मावशी विचारतात, ‘आला का?’ मी म्हणतो, ‘त्याच्याकडे आला असेल.’ ‘मग तो सांगंना का?’ घड्याळ उलटं धावत असतं. तो बाहेर येऊन आकडे सांगतो, पाच आकडे मी टाकतो, सहावा टाकताना पडद्यावर येतं, ‘आपली वेळ संपली आहे.’ मावशी मला विचारतात, ‘कुणाची वेळ संपली?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो विनोद म्हणून मी सांगत नाहीये. ही चौकट ज्यानं बांधली तो तरुण हुशार असणार. त्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस होता. त्या माणसाचा फोन त्याच्याच हातात असतो, त्याच हातात रेंज असते, आणि त्याला इंग्रजी अक्षरांची सवय असते. म्हणजे तो स्वतःच. मावशी त्याला कधी भेटल्या नाहीत. लक्ष्मणरावांना शेतकरी भेटत होता. नांगर घेत नव्हता, पण तोंडावर सांगत होता की तुझा नांगर माझी जमीन मारील. समज चूक असेना का, पण तो कानावर पडत होता.

आता अक्षरांचं सांगतो. हा माझ्या आवडीचा विषय, इथे मी थोडा रेंगाळणार.

तुमच्या गावाचं नाव सातारा. ते नुसतं लिहायला सोपं. पण माणूस नुसतं ‘सातारा’ म्हणत नाही, तो ‘साताऱ्यात राहतो’, ‘साताऱ्याला जातो’, ‘साताऱ्याचे पेढे’ आणतो. म्हणजे विभक्तीचा प्रत्यय लागला की तिथे तो वेलांटीसारखा झुकलेला अर्धा र येतो. हा र मराठीचा खास. हिंदीला त्याची गरज पडत नाही. त्यामुळे कितीतरी वर्षं फोनवर, छापखान्यात, सरकारी कागदावर तुम्ही ‘सातार्यात’ राहत होता, आचार्य राहतात तसे. दऱ्या आणि दर्या यांतला फरक ज्या यंत्राला कळत नाही, त्या यंत्रावर महाबळेश्वरचं वर्णन लिहून बघा. सह्याद्रीत समुद्र येतो. एकदा माझ्याकडे लग्नाच्या खर्चाची यादी टाईप करायला आली. आचाऱ्यांना इतके रुपये, असं लिहायचं होतं. छापून आलं ‘आचार्यांना’. मुलीकडचे म्हणाले, आमचे गुरुजी एवढी दक्षिणा घेत नाहीत.

यात यंत्राचा दोष कमी आणि इतिहासाचा जास्त. देवनागरी कॉम्प्युटरवर आणायला आपल्याकडच्या लोकांनी फार मेहनत घेतली आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक निघाली, तिथल्या ‘जिस्ट’ गटानं भारतीय लिप्यांसाठी कॉम्प्युटरमध्ये बसवायचं कार्ड काढलं, १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरलं. पण छापखान्यांत ज्यानं त्यानं आपापला फॉन्ट धरला. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याकडे गेला की नुसतं रोमन अक्षरांचं कडबोळं. त्या काळात सातारा-सांगलीच्या छापखान्यांत जन्मलेले स्मरणिकांचे, गौरवग्रंथांचे, गावांच्या इतिहासांचे हजारो पानांचे मजकूर आज डिस्कमध्ये आहेत आणि वाचता येत नाहीत. कागद वाळवीनं खाल्ला तर निदान भोकं दिसतात.

मग सगळ्या लिप्यांसाठीचं एकच प्रमाण, युनिकोड, आलं आणि बरंच सुधारलं. ६ नोव्हेंबर २००९ ला राज्य सरकारनं मराठी वर्णमाला कशी लिहायची त्याचा निर्णय काढला. त्याच्या आदल्या वर्षी ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली होती. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण वकिलाला विचारा. ‘ॲड.’ हे पूर्वी अ, मग एक न दिसणारा जोड, मग चंद्र असं तीन तुकड्यांत लिहायचे, आता एका अक्षरात लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला मात्र ती दोन वेगळी माणसं. माझ्या फोनमध्ये एकाच वकिलांची दोनदा नोंद होती, आणि शोधलं की नेमका जुना नंबर वर यायचा. सहा महिने मी दुसऱ्याच कुणाला तारखा विचारत होतो. तेही बिचारे सांगत होते.

आणि आपला ळ. इंग्रजी फॉर्मवर शिराळ्याच्या माणसानं गावाचं नाव भरलं, की मराठी प्रतीत तो शिरालाचा होतो. वाळव्याचा वालव्याचा होतो. कवठेमहांकाळचं तर काय विचारता, तिथे अख्खा काळच काल होऊन बसतो. फॉर्ममध्ये चूक दुरुस्त करायला जागा असते, पण ती चूक दाखवायचा पुरावा म्हणून जो कागद मागतात, त्यावरही तीच चूक असते. मास्तर खडू हातात द्यायचे, ते इथे आठवतं.

तक्रार केली म्हणजे कौतुक करायचं नाही असं नाही. वाईला तर्कतीर्थांनी मांडलेला विश्वकोश आज फुकट, घरबसल्या वाचता येतो. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्व्यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठानं सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. तिकडच्या थंडीत बसून कुणीतरी आपल्या ‘ऱ्ह’ची काळजी घेतली, याचं मला राहून राहून नवल वाटतं. बोलून टाईप करायची सोय तर मी देणगीच समजतो. ज्या माणसाला पाटी-पेन्सिल फारशी मिळाली नाही, तो फोनला तोंडाशी धरून नातीला चार ओळी धाडतो. त्यात चुका असतात, पण चुका त्याच्याच आवाजातल्या असतात.

बाकीचे ताप मी झटपट उरकतो, कारण ते तुम्हाला पाठ आहेत. मी यंत्र नाही, माणूस आहे, हे यंत्राला पटवून देण्यासाठी चौकटीतले सिग्नल ओळखायचे. आग विझवायचे नळ ओळखायचे, जे राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत मी कधी पाहिले नाहीत. ‘नको’ म्हणायचं बटण राखाडी आणि ‘हो’ म्हणायचं हिरवंगार. सदस्यत्व घ्यायला एक टिचकी आणि सोडायला सात दारं. याला आता नाव आहे, याविरुद्ध कायद्याचा आधारही आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले. ‘लवकर करा, दोनच उरले’ अशी खोटी घाई, गुपचूप टोपलीत टाकलेली वस्तू, नाही म्हणणाऱ्याला लाजवणारी भाषा, सगळं त्यात आहे. दुकानात मी ती यादी छापून भिंतीवर लावली आहे. गिऱ्हाईक वाचतं आणि म्हणतं, ‘हे तर आमच्या बाजारात पण चालतं.’ चालतं. पण बाजारात लबाडी करणाऱ्याचं तोंड दिसतं.

आता पूर. सांगलीचा माणूस बोलायला उभा राहिला आणि पुरावर बोलला नाही, असं होत नाही.

आमच्याकडे कृष्णेवर १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे. त्याच्यापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. माझ्या दुकानात ते माळ्यापर्यंत होतं, पण त्याचं रडगाणं मी इथे गाणार नाही. ते शहरातल्या हजारोंचं होतं, आणि ब्रह्मनाळला बोट उलटून जी माणसं गेली, त्यांच्यापुढे माझे चार प्रिंटर काय?

मला त्या आकड्याबद्दल बोलायचं आहे. पूर चढतो तेव्हा सांगलीत लोक आयर्विनवर जातात. जाऊ नये म्हणून सांगतात, तरी जातात. कठड्याशी उभे राहतात, पाणी बघतात, आकडा बघतात आणि एकमेकांशी बोलतात. ‘काल रातच्यापेक्षा फूटभर चढलंय.’ ‘कोयनेतनं किती सोडलंय?’ आमच्याकडे पोरंटोरं सुद्धा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, बोलतात. कोयना धरण भरलं की सव्वाशे नाही, एकशेपाच टीएमसी, हे चहाच्या गाड्यावरचा पोऱ्याही दुरुस्त करून सांगेल. त्या कठड्यापाशी खोटं बोलायला जागा नसते. आकडा सगळ्यांना एकच दिसतो.

त्याच रात्री फोनमध्ये दहा ग्रुप आणि दहा आकडे. एकात पाणी उतरायला लागलंय, दुसऱ्यात धरणाला तडा गेलाय, तिसऱ्यात कुणा अधिकाऱ्याच्या नावानं आवाज, ‘मी स्वतः बघून आलो.’ मला एका मेसेजनं फसवलं. पाणी आता चढणार नाही, दरवाजे खाली घेतले, असं त्यात होतं. भाषा अधिकृत, खाली खात्याचं नाव. मी दुकानातलं सामान वरच्या मजल्यावर न्यायचं थांबवलं आणि झोपलो. मेसेज खोटा नव्हता. जुना होता. कुठल्या तरी आधीच्या पावसाळ्यातला. त्यात तारीख होती ‘आज’.

या ‘आज’वर मी पुष्कळ विचार केला आहे. कागदावरच्या नोटिशीला तारीख असते, निदान कागद पिवळा पडतो. वर्तमानपत्राच्या रद्दीतही कळतं की हे शिळं. पुढे ढकललेल्या मेसेजला वय नसतं. तो तेरा वेळा हात बदलतो आणि प्रत्येक हातात नवा होतो. बरं, हे बदलता येत नाही असं नाही. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली, आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी ढकलता येणार नाही, असं ठरवलं. म्हणजे ते बटण कसं वागावं, हे कुणीतरी ठरवत होतं. पाच माणसं मेल्यावर ठरलं, एवढंच. कुणी तरी कुठल्या तरी ऑफिसात बसून उद्या ठरवलं, की पुढे ढकललेल्या मजकुराला त्याच्या जन्माची तारीख कायम चिकटलेली राहील, तर आमच्या मारुती चौकात त्याचा उपयोग होईल. मी हे लिहून कळवलं होतं. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर एका मिनिटात आलं. एका मिनिटात आलं म्हणजे कुणी वाचलं नाही.

आता या दशकातलं मला सगळ्यात आवडलेलं यंत्र सांगतो. तुम्ही हसाल. भाजीवाल्याच्या गाड्यावरचा तो बोलका डबा.

यूपीआय २०१६ साली आलं. त्याचं कौतुक सगळे करतात, मीही करतो. पण सुरुवातीला भाजीवालीचे हाल होते. गिऱ्हाईक फोन नाचवून म्हणायचं ‘पाठवले बघा’, आणि तिचे हात ओले, चष्मा घरी, फोन पिशवीत. काही भामटे जुना स्क्रीनशॉट दाखवून मेथी घेऊन जायचे. मग तो डबा आला. ‘चाळीस रुपये मिळाले.’ मोठ्यानं, मराठीत, सगळ्या बाजारासमोर. शेजारची बटाटेवाली सुद्धा साक्षीदार. त्या डब्यात पडदा नाही, काही वाचायचं नाही, काही आवडलं का म्हणून विचारत नाही. एक काम, एक आवाज. बटणं असलीच तर आवाज कमी-जास्त करायची. त्याची रचना करणारा माणूस एकदा तरी पावसात भाजीबाजारात उभा राहिलेला असणार, अशी माझी खात्री आहे. आमच्या वेळची कंदिलाची वात वर-खाली करायची किल्ली आठवते मला त्याच्याकडे बघून.

आणि आता भोंगा.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती तीन हजारांच्या घरात. कोरोनात शाळा मोबाईलवर भरली, शाळा परत सुरू झाली तरी मोबाईल हातातून सुटेना. मास्तर सांगायला लागले, पोरांचं लक्ष नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, गावातल्या बायकांची सभा झाली आणि तोडगा निघाला. तेव्हा विजय मोहिते सरपंच होते. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला परत वाजतो, मग चालू. मधल्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर बोलायचं. सुरुवातीला काही पुरुष मंडळी हसली, असं तेव्हाच्या बातम्यांतच आलं होतं. मग आशाताई, अंगणवाडीच्या बाई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. बातमी परदेशापर्यंत गेली.

मीही हसलो होतो. मी यंत्रवाला. मला वाटलं, भोंगा ही काय तोडगा म्हणायची गोष्ट? फोनमध्येच वेळेची मर्यादा घालता येते, ठरावीक ॲप ठरावीक वेळेला आपोआप बंद करता येतात. ती सोय मी स्वतःच्या फोनवर लावली. रात्री नऊला पडदा राखाडी होतो आणि विचारतो, ‘आजची मर्यादा संपली. आणखी पंधरा मिनिटं?’ आता सांगा, दारूच्या दुकानातल्याच माणसाला आपण विचारायला ठेवलं, ‘बास का?’ तर तो काय म्हणेल? मी पंधरा मिनिटं चार वेळा घेतली. पाचव्यांदा ती सोयच काढून टाकली. कुणी पाहिलं नाही.

तेव्हा मला भोंग्याचं इंगित कळलं. त्याला ‘आणखी पंधरा मिनिटं’ हे बटण नाही. तो एकट्याला वाजत नाही. शेजारच्या घरातही त्याच वेळेला वाजतो, आणि शेजारच्या खिडकीतला निळा उजेड विझला की नाही, हे दिसतं. वाजवणारा माणूस गावाला माहीत आहे. सात ऐवजी सात-दहाला वाजला तर सकाळी त्याला गाठून विचारता येतं, ‘काय रे, झोपला होतास का?’ आणि नको झाला, तर ज्या सभेनं लावला तीच सभा काढून टाकू शकते. आपल्या मुठीतल्या यंत्रांपैकी एकाबद्दल तरी हे म्हणता येईल का?

माझा त्यावर आक्षेपही आहे, तो झाकून ठेवत नाही. गाव लहान असतं तेव्हा लाज हे फार धारदार हत्यार असतं. ज्या सुनेला दिवसभरात तो दीड तासच माहेरी बोलायला मिळतो, तिचं काय? ज्याचा पोरगा दुबईत आहे आणि तिथली सुट्टी होण्याची वेळ नेमकी तीच आहे, त्याचं काय? आणि अभ्यास मुलांनी करायचा, तर ज्याचा अभ्यासच फोनवर दिलाय, त्यानं काय करायचं? देवळावरचा भोंगा एक बटण असलेलं यंत्र आहे, हीच त्याची ताकद आणि हाच त्याचा आडमुठेपणा. पण या प्रश्नांवर त्या गावात भांडण होऊ शकतं. पारावर बसून, तोंडावर. ते भांडण मला हवं आहे.

माझा मुलगा पुण्यात एका कंपनीत आहे. लोकांना फोनवर जे इशारे येतात, ते कधी आणि किती धाडायचे, हे ठरवणाऱ्या टीममध्ये. दिवाळीला घरी आला तेव्हा मी त्याला वडगावची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘बाबा, आम्ही माणूस ॲप किती वेळा उघडतो हे मोजतो. किती वेळा सुखानं बंद करतो, हे मोजायची रीतच नाही.’ मग थोडा थांबून म्हणाला, ‘आणि भोंगा अनइन्स्टॉल करता येत नाही.’ त्याला ते कौतुक म्हणायचं होतं की तक्रार, मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आयर्विनवर गेलो होतो. पाणी अगदी खाली होतं, वाळूचं बेट दिसत होतं. त्यानं फुटांच्या खुणांचा फोटो काढला आणि विचारलं, ‘हा आकडा रोज कोण वाचतं?’ मी म्हटलं, विचारू या. पुलावर एक गृहस्थ फिरायला आले होते, त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, आकडा वाचणाऱ्याचं नाव, तो कुठे राहतो, आणि पुराच्या वेळी तो कुठल्या गाड्यावरचा चहा पितो, तेसुद्धा.

माझी वेळ झाली आहे. आता प्रश्न विचारा. चिठ्ठीवर नको, उभं राहून विचारा, म्हणजे मी काही चुकीचं बोललो असेन तर इथेच कळेल. न्या. रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे ही पद्धत आहे. एक बोलतो, सगळे एकच ऐकतात, आणि मागच्या रांगेतला कुणीही उठून म्हणू शकतो की तुमचं चुकलं.

आणि हो, मघापासून इथे काहीतरी थरथरल्याचा आवाज येतोय. पुढच्या रांगेतली मंडळी एकमेकांकडे बघतायत. कृपा करून कुणी कुणावर संशय घेऊ नका. टेबलावरच्या हाराखाली आहे तो फोन, माझाच. मघाशी ठेवला आणि विसरलो. राहू दे, उचलू नका. ओटीपी असणार, कुणाच्या तरी मावशीचा.